बेकरीवाल्याच्या बायकोचं पुढे काय झालं

३ मार्च

चि. थोरलीस,

अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर तू फार लवकर 'बरं' म्हणतेस. मी धाकट्याचं नाव काढलं की तुझ्याकडे नेमकी दाराची बेल वाजते. तुझ्याकडे एवढं येणंजाणं असेल असं तुझ्या स्वभावावरून कुणाला वाटलं नसतं. पत्रात मात्र मी मधेच थांबत नाही आणि तुला बेल वाजवता येत नाही.

बातमी अशी की, वाचनालयाच्या वाचक मंडळात एप्रिल महिन्याचं पुस्तक माझ्याकडे आलं आहे. दर महिन्याला एका सभासदाने उभं राहून एका पुस्तकावर बोलायचं, अशी पद्धत आहे. पुस्तकं चिठ्ठ्या टाकून ठरवतात. मला प्रवासवर्णन यावं असं फार वाटत होतं. आली ती एकामागून एक खून करत सुटणाऱ्या माणसाची कादंबरी. मुखपृष्ठ काळं, त्यावर लाल अक्षरं. चिठ्ठी वाचली गेली तेव्हा सगळे माझ्याकडे बघायचं टाळून पंख्याकडे बघू लागले. ग्रंथपाल बाई बिचाऱ्या म्हणाल्या की हवी तर बदलून देते. मी म्हटलं, आली ती आली.

आता मंडळाचा नियम असा की कथानक, व्यक्तिरेखा आणि आशय या तिन्हींवर बोलायचं, त्याच क्रमाने. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांच्यापुढे घंटी असते. मी आयुष्यभर गोष्ट आवडली की नाही एवढंच बघत आले. तू या तीन गोष्टी शिकवून पगार घेतेस, तेव्हा आईला फुकटात समजावून सांग.

धाकट्याला शिक्षा लागल्यापासून मंडळात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. तशी सोय होते, मी पिशवी ठेवते. पण मला एकदा त्या लोकांपुढे उभं राहून कशावर तरी नीट बोलायचं आहे. ज्या मुलाने लिफ्ट न तपासताच तपासली म्हणून सांगितलं आणि ज्याच्यापायी एक माणूस जिवाला मुकला, त्या मुलाची आई एवढीच माझी ओळख आता उरली आहे. ती खोटी नाही. पण तेवढीच पुरत नाही.

दुसरं मागणं जुनंच. धाकट्याला चार ओळी लिही. निकालापासून तू त्याला एक अक्षर लिहिलेलं नाहीस. तो तुरुंगातून कधी ना कधी सुटेलच, पण त्याच्या ताईने तोंड फिरवलेलं असेल तर तो सुटून येणार कुठे, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

जावयांचा खोकला कसा आहे? लोभ आहेच, फक्त तो दोघांत सारखा वाटावा ही विनंती.

तुझी आई

—

९ मार्च

ती. आईस,

सा. न. वि. वि. खोकला गेला, घोरणं परत आलं. पत्र पोचलं.

तुझ्या शिकवणीचं आधी. कथानक म्हणजे नुसतं काय काय घडलं ते नाही. एकामुळे दुसरं कसं घडलं, ते. बेकरीवाला मेला आणि नंतर शिवणाच्या बाई मेल्या, ही यादी झाली. बेकरीवाला मेला म्हणून शिवणाच्या बाईंनी दाराला दुसरी कडी लावून घेतली आणि ती कडी लावायला आलेला माणूसच खुनी निघाला, हे कथानक झालं. (उदाहरण पुस्तकातलंच आहे. मी ते मागच्या सुट्टीत वाचलं होतं. मुलं वाचतात म्हणून वाचावं लागतं, असं मी स्टाफरूममध्ये सांगते.)

अशा कादंबरीत लेखक एक गोष्ट तुझ्यासमोरच ठेवतो आणि तुला ती दिसू देत नाही. ती कुठे ठेवली होती ते शोध. व्यक्तिरेखांमध्ये खुनी आणि इन्स्पेक्टर हे दोघं एकमेकांचे आरसे असतात. इन्स्पेक्टर जेवत का नाही, झोपत का नाही, त्याचा खुन्याशी काय संबंध आहे, यावर बोल. आणि खुन्याच्या बालपणाचं प्रकरण येईल, ते नीट वाच. त्याशिवाय त्याचं वागणं उभं राहत नाही. आशय सर्वांत शेवटी आपोआप सापडतो. नाही सापडला तर 'माणसाच्या मनातला अंधार' असं म्हण, अध्यक्षांना चालेल. आमच्या विद्यापीठाला चालतं.

मंडळात उभं राहण्याचा हट्ट सोडलास तर बरं. आजारी आहे असं कळव. त्या लोकांना तुझ्या तोंडून खुनाची गोष्ट ऐकायची आहे, साहित्य नाही.

धाकट्याबद्दल लिहिलंस ते वाचलं. आमच्या स्टाफरूममध्ये ती बातमी मोठ्याने वाचली गेली तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते, आणि तपासतच राहिले. त्याला काय लिहायचं ते मला माहीत नाही. रागावून लिहिलं तर तू रडशील आणि मायेने लिहिलं तर मी खोटी ठरेन. पत्रातही बेल वाजते, आई.

गुडघ्याला शेक देत जा. कृपालोभ असावा, वाटपाचं नंतर बघू.

तुझी थोरली

—

२० मार्च

चि. थोरलीस,

अनेक आशीर्वाद. तुझी शिकवणी मी वहीत उतरवून घेतली आणि शेजारच्या पिशवीच्या खुर्चीला मोठ्याने वाचून दाखवली. पिशवीला पटली.

कादंबरी निम्मी वाचून झाली होती, तेवढ्यात एक घोटाळा झाला. मागच्या भेटीला जाताना मी ती धाकट्यासाठी बरोबर नेली. म्हटलं, चार दिवस त्याने वाचावी, पुढच्या खेपेला मी परत घेईन, दोघांची मतं एकत्र करून बोलेन. फाटकावरच्या अधिकाऱ्यांनी मुखपृष्ठ बघितलं आणि म्हणाले की, असलं पुस्तक आत गेलं तर कैद्यांच्या मनावर वाईट परिणाम होईल. मी म्हटलं, बरोबर आहे, द्या परत. तर म्हणाले, एकदा तपासणीला घेतलेली वस्तू तपासणी झाल्याशिवाय परत देता येत नाही. तपासणी ते स्वतः करतात. परवा गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर पुस्तक पालथं पडलेलं होतं आणि ते तपासत तपासत चौदाव्या प्रकरणापर्यंत पोचले होते. शिवणाच्या बाई गेल्याचं त्यांना फार लागलेलं दिसलं.

तेव्हा मी धाकट्याला तोंडीच गोष्ट सांगायला घेतली. एरवी आम्ही भेटीत काय बोलतो तर जेवण कसं आहे, बरं आहे, तू कशी आहेस, बरी आहे. मग जाळीच्या दोन बाजूंना आम्ही एकमेकांच्या हातांकडे बघत बसतो. गोष्ट असली की निदान वेळ जातो. मात्र त्या जागी खुनाचं कसं सांगायचं? बाजूला पहारेकरी उभा. आणि धाकट्याला तर मला नकोच होतं सांगायला. म्हणून मी खून गाळले. बेकरीवाला कसा पहाटे उठायचा, पिठाच्या हातांनी मुलाचं नाक पुसायचा, उधार मागणाऱ्याला आदल्या दिवशीचा पाव कसा द्यायचा, एवढं सांगितलं. मग म्हटलं, एक दिवस त्याची बेकरी उघडली नाही. पुढे शिवणाच्या बाई. त्यांच्याही क्लासला एक दिवस कुलूप. पुढे बसचा कंडक्टर, तो एक दिवस बसवर आलाच नाही.

धाकटा ऐकत होता. निघताना त्याने विचारलं की, बेकरीवाल्याच्या बायकोचं पुढे काय झालं.

थोरले, तो आत गेल्यापासून त्याने मला एकदाही काही विचारलेलं नव्हतं. मी सांगेन ते ऐकायचा. म्हणून मी सांगितलं की, तिने बेकरी चालू ठेवली. पहाटे हात आपोआप उठतात म्हणाली. त्याने मान हलवली. पुढच्या भेटीला त्याने कंडक्टरच्या आईचं विचारलं.

आता तुला एक सांगते, चिडू नकोस. त्या लिफ्टमध्ये गेले त्या चष्मेवाल्यांच्या बाई परत मंडळात यायला लागल्या आहेत. मागच्या रांगेत, खिडकीजवळ बसतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही बघितलं नाही. पण माझ्या डोळ्यांवर जो चष्मा आहे तो त्यांच्या नवऱ्याने केलेला आहे. नंबर कधीच बदलला. दुसऱ्या दुकानाच्या पायऱ्या चढवत नाहीत. ही कादंबरी मी निम्मी डोळे बारीक करून वाचली.

जावयांना घोरण्यावर एका कुशीवर झोपायला सांग. पत्राची वाट बघते, लोभाची नाही, तो मला दिसतो.

आई

—

२८ मार्च

ती. आईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग कपाटातून कादंबरी काढली.

बेकरीवाल्याला मूलच नाही. तो उधार कुणालाही देत नाही, उलट दारावर तशी पाटी आहे. त्याची बायको पुस्तकात एकदाच येते, किंकाळी फोडायला. कंडक्टरला आई आहे की नाही हे लेखकाने कुठेही सांगितलेलं नाही. त्याच्या वाट्याला अर्धं पान आलं आहे आणि त्यातलं निम्मं त्याच्या जखमांवर खर्च झालं आहे. तू धाकट्याला जे सांगते आहेस ते या पुस्तकात नाही, आई. ते तू रचते आहेस.

त्यात वाईट काही नाही. पण तुझं पुस्तक तपासणीत अडकलेलं आहे आणि तुझ्या डोक्यात आता तुझीच कादंबरी आहे. मंडळासमोर उभी राहून तू त्या बाईंसमोर बेकरीवाल्याच्या बायकोबद्दल बोलशील आणि कुणीतरी उठून म्हणेल की असं काही पुस्तकात नाही. मला तो प्रसंग नुसता डोळ्यांसमोर आला तरी घाम फुटतो. मी माझी प्रत पाठवते आहे. कृपा करून मुळात काय लिहिलं आहे ते वाच.

बालपणाचं प्रकरण मी खुणेची पट्टी घालून ठेवलं आहे. खुनी मुळात घड्याळं दुरुस्त करणारा आहे, कड्याकुलपांची कामं तो जोडीला करतो. लहानपणी आई त्याला टिकटिकणाऱ्या घड्याळासकट कपाटात कोंडायची, म्हणून मोठेपणी तो खून करून त्या घरातलं घड्याळ बंद पाडतो. तंत्र म्हणून हे जुनं आहे, पण व्यक्तिरेखेला त्याने मुळं मिळतात. वाचकाला 'का' हवं असतं. नुसतं 'त्याने केलं' एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. माझं तरी होत नाही.

आणि हो, त्या बाई येणार असतील तर तू जाऊच नयेस, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मी मुलगी म्हणून लिहिते आहे, प्राध्यापक म्हणून नाही.

लोभ आहे म्हणूनच एवढं कठोर लिहिलं. तो तसाच राहू द्यावा.

थोरली

—

६ एप्रिल

चि. थोरलीस,

अनेक आशीर्वाद. तुझी प्रत आणि तुझं मत, दोन्ही पोचलं. प्रत जाड आहे.

तू म्हणतेस ते खरं. वाचून बघितलं, बेकरीवाल्याला खरंच मूल नाही. मला मात्र त्या मुलाचं नाक अजून दिसतं. एकदा एखाद्याला नाक दिलं की परत घेता येत नाही.

बालपणाचं प्रकरण वाचलं. लेखकाने त्या आईवर बरीच पानं घातली आहेत. तिचे पातळ ओठ, तिचं थंड हसणं, तिच्या कमरेच्या किल्ल्या. एवढं तर त्याने मेलेल्या सगळ्यांचं मिळून लिहिलेलं नाही. आता मला सांग, मीही तुला एकदा स्वयंपाकघरात कोंडलं होतं. तू शेजारच्या मांजराच्या मिशा कापल्या होत्यास. तिथेही भिंतीवर घड्याळ होतं. तू प्राध्यापक झालीस. धाकट्याला मी कधीही कुठेच कोंडलं नाही. त्याला अंधाराची भीती वाटायची म्हणून तो दहावीला जाईपर्यंत पॅसेजमधला दिवा जळत असायचा आणि तुझे बाबा वीजबिलावर बोलत असायचे. मग हे कपाट मी कुठून आणू?

हे प्रकरण मी धाकट्याला खरं खरं सांगितलं. खुनी आहे, खून आहेत, सगळं. पहारेकऱ्याला धक्का बसला, तो इतके दिवस ही घरगुती कादंबरी आहे असं समजत होता. धाकटा म्हणाला, त्याला बरं आहे, त्याच्याकडे कारण आहे. आपल्याकडे नाही म्हणाला. त्या दिवशी त्याला भूक लागली होती आणि जिन्याने वरच्या यंत्राच्या खोलीत जायचा कंटाळा आला होता. एवढंच. ताईला सांग म्हणाला, तिला कारण हवं असेल तर तेवढंच आहे. तुझं नाव मी काढलं नव्हतं. तोच म्हणाला.

मी सांगितलं. आता माझं काम झालं.

मंडळात मी जाणार आहे. मला ठाऊक आहे की तू घाबरते आहेस ती माझ्यासाठी. पण मी आजारी पडले तर त्या बाईंना वाटेल की आपण आलो म्हणून ही आली नाही. मग त्याही यायच्या बंद होतील. त्यांना घरातून बाहेर पडायला एवढी एकच जागा आहे असं ग्रंथपाल बाई सांगत होत्या. मलाही तशी एकच आहे.

घोरणाऱ्यांना नमस्कार. लोभ आहे, तोंडपाठ आहे.

आई

—

१५ एप्रिल

चि. थोरलीस,

अनेक आशीर्वाद. भाषण झालं. तू घामाने भिजू नयेस म्हणून सुरुवातीलाच सांगते की मी धडधाकट आहे.

कथानक मी तुझ्या पद्धतीने सांगितलं. एकामुळे दुसरं, दुसऱ्यामुळे तिसरं. लेखकाने काय लपवलं होतं तेही सांगितलं, म्हणजे ते कडी लावणाऱ्याचं. अध्यक्ष खूश दिसले. इन्स्पेक्टरबद्दल म्हटलं की, हा माणूस जेवत नाही, झोपत नाही, याचे शर्ट कोण धुतं ते कळत नाही, आणि हा खुन्याचा आरसा आहे असं माझी मुलगी म्हणते. दोघं तिघं हसले. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं की माझी जीभ सैल सुटते हे तुला माहीत आहे.

व्यक्तिरेखांत मी मेलेल्यांवर आले. बेकरीवाल्यापासून सुरुवात केली. त्याची बायको पहाटे भट्टी कशी पेटवायला लागली, कंडक्टरची आई बसथांब्यावर जाऊन कशी बसते, सगळं सांगत गेले. मला खरंच भान राहिलं नाही. औषधाच्या दुकानाचे मालक उठले आणि म्हणाले की, माफ करा, मी हे पुस्तक दोनदा वाचलं आहे, असं त्यात काही नाही. इतर दोघांनी पानं उलटून बघितली. अध्यक्षांनी घंटी वाजवली.

मी म्हटलं, बरोबर आहे, नाही. पुस्तकात कंडक्टरला अर्धं पान आहे आणि खुन्याला आख्खं कपाट. हे सगळं मी माझ्या मुलाला सांगत होते. त्याने विचारलं की पुढे काय झालं, म्हणून मला सांगावं लागलं.

त्या खोलीत 'माझा मुलगा' हे शब्द निकालानंतर पहिल्यांदाच म्हटले गेले. अध्यक्षांना काही सुचेना म्हणून त्यांनी पुन्हा घंटी वाजवली.

तेव्हा मागून चष्मेवाल्यांच्या बाई बोलल्या. उठल्या नाहीत, बसूनच बोलल्या. म्हणाल्या की, बेकरीवाल्याची बायको लगेच भट्टी पेटवणार नाही. तिचं काहीतरी चुकतंय तुमचं. ती कितीतरी आठवडे दुकानाच्या रस्त्यानेही जाणार नाही. आणि जाईल तेव्हा हात आपोआप उठले म्हणून नाही, तर लोकांच्या वस्तू आत अडकल्या आहेत म्हणून जाईल. वर्गात मुलीचं गणित दुरुस्त करावं तशा बोलल्या. मी म्हटलं, मी तसं बदलते. आशयावर बोलायचं राहूनच गेलं. कुणी विचारलंही नाही.

नंतर छत्र्या ठेवायच्या जागेपाशी त्यांनी मला गाठलं. मी त्यांच्या समोर चष्म्यासकट उभी होते, तो त्यांनी ओळखला, काडीला हात लावून जरा सरळ केला. मग सांगितलं. त्यांचे यजमान गेले तेव्हा दुकानाच्या खणात तयार झालेले चष्मे होते, लोकांच्या नावांच्या पाकिटांत. कुणी न्यायला आलं नाही. कसं यायचं, लोकांना संकोच. शेवटी त्या स्वतःच दुकान उघडून ते चष्मे घरोघर पोचवायला निघाल्या. प्रत्येक घरी चष्मा घालून बघेपर्यंत थांबावं लागायचं. म्हणाल्या, नवीन चष्मा घातला की माणसाला सगळ्यात आधी मीच स्वच्छ दिसायचे, आणि मग ते रडायचे. काही मात्र म्हणायचे की नाकावर घट्ट बसतोय. म्हणाल्या, मला हे घट्टवाले बरे वाटले. मी हत्यारं घेऊन गेलेच होते, तिथेच सैल करून द्यायचे.

एवढं सांगून म्हणाल्या की, तुमचा मुलगा विचारतो ना पुढचं, मग सांगायचं तर सांगा, नाहीतर राहू द्या. आणि गेल्या.

परवा भेटीला गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. तोंड उघडलं आणि हवेबद्दल बोलत बसले. मला सांगता येणार नाही, थोरले. माझा आवाज हलतो. मग तो माझा आवाज सांभाळत बसेल आणि ऐकायचं राहून जाईल. तुझा आवाज हलत नाही. तू मुलांना नापास करतेस.

म्हणून माझं जुनं मागणं मी मागे घेते. मायेच्या चार ओळी लिहू नकोस. राग गिळायचाही नाही. फक्त हे त्याला लिही. तुझ्याशिवाय मला दुसरं कुणी सुचत नाही.

पुस्तकाची तपासणी संपली. अधिकारी म्हणाले की शेवट ओढून ताणून आणलेला आहे.

आई

—

२२ एप्रिल

चि. धाकट्यास,

आशीर्वाद हा आईचा प्रांत आहे, त्यात मी शिरत नाही. पत्र लिहिण्याचं कारण आईने दिलं आहे, पण लिहिते मी माझ्या मनाने, हे आधी नोंदवते.

तुझा निरोप मिळाला. भूक लागली होती आणि जिना चढायचा कंटाळा आला होता. तो वाचून मी दोन दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की वर्गात भलताच धडा शिकवला. मी निकालापासून एखादं कारण शोधत होते. बाबा लवकर गेले, कंपनी फार काम लादत होती, वरच्या माणसाने दडपण आणलं, असं काहीतरी. माझ्या व्यवसायात कारण सापडलं की व्यक्तिरेखा माफ होते. तू मला तेही ठेवलं नाहीस. विद्यार्थ्याने असं उत्तर लिहिलं असतं तर मी ते कोरं म्हणून परत दिलं असतं. आता मला वाटतं की तेवढंच बरोबर आहे, आणि त्याला किती गुण द्यायचे ते मला कळत नाही.

आईने तुला सांगितलेल्या कादंबरीत एक माणूस राहून गेला आहे. त्याचं दुकान आपल्या शाळेच्या वाटेवर होतं. तो त्या इमारतीत राहत नव्हता. वर एक आजोबा होते, त्यांना खाली उतरता येत नव्हतं, म्हणून तो त्यांचे डोळे तपासायला त्यांच्या घरी निघाला होता. हातात काचांची पेटी होती म्हणून त्याने जिना घेतला नाही. हे तू कोर्टात ऐकलं आहेस. पण तू खाली बघत होतास, म्हणून मी पुन्हा लिहिते आहे.

पुढचं तुला ठाऊक नाही. त्याच्या दुकानात लोकांचे तयार चष्मे पडून होते. ते न्यायला कुणी येईना, तेव्हा त्याची बायको घरोघर जाऊन देऊन आली. चष्मा घालून बघेपर्यंत तिला प्रत्येक दारात थांबावं लागायचं. नवीन काचांतून लोकांना आधी तीच दिसायची, आणि ते रडायचे. काही जण म्हणायचे की नाकावर घट्ट बसतोय. तेच तिला बरे वाटले. ती तिथेच सैल करून द्यायची. हे तिने स्वतः आईला सांगितलं आहे, आणि तुला सांगायला हरकत नाही असं म्हणाली आहे. यात आईचं रचलेलं काही नाही. मी विचारून खात्री केली.

आईचं भाषण बरं झालं असं ग्रंथपाल बाईंनी मला परस्पर कळवलं. आशयावर ती बोललीच नाही म्हणे. मी वीस वर्षं आशय शिकवते आहे, पण या वेळी तिच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

भेटीला येणाऱ्यांच्या यादीत नाव घालावं लागतं असं कळलं. माझं घाल. आले तर मी काय बोलेन ते सांगता येत नाही. कदाचित जेवण कसं आहे असंच विचारेन, आणि तू बरं आहे म्हणशील. चालेल.

तू आईला विचारतोस तसं मलाही विचारशील की त्या बाईंचं पुढे काय झालं. मला माहीत नाही. आईलाही माहीत नाही, आणि ती आता रचून सांगणार नाही असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. ते सांगू शकेल असं एकच माणूस आहे. तिला आम्ही दोघींनी विचारायचं नाही, विचारायचं तर तूच. तिने उत्तर द्यायलाच हवं असंही नाही. तिचा पत्ता मी मुद्दाम लिहीत नाही. तो कोर्टात वाचून दाखवला होता.

लोभ पूर्वीइतका आहे असं लिहिणार नाही. आहे.

तुझी ताई